अकरा सुटलेले चेंडू

१० ऑगस्ट १९८६, रविवार

बेसबॉल लीगचं पत्र काल आलं. आठ गावं, आठ गुणलेखक. प्रत्येकाने तीन नावं क्रमाने लिहायची: पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. पाकीट तीस तारखेच्या आत टपालात पडलं पाहिजे. अकरा उन्हाळे मी हे काम करते आहे आणि दर वेळी पंधरा मिनिटांत उरकते, कारण रीत ठरलेली आहे. पहिलं नाव आपल्या गावच्या खेळाडूचं. आठही जण तेच करतात, म्हणजे पहिल्या नावाला अर्थच उरत नाही, आणि 'सर्वांत मौल्यवान खेळाडू' दरवर्षी आठ जणांच्या दुसऱ्या पसंतीने ठरतो. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला याची लाज आधीच वाटायला हवी होती.

यंदा तर पंधरा मिनिटंही लागू नयेत. आमच्या केल्विन फॉल्सच्या लॉनी क्रेब्सने एकोणीस होमरन मारले आहेत, एकोणीसदा चेंडू कुंपणापलीकडे. या लीगमध्ये एवढे आजवर कुणी मारलेले नाहीत. माझाच विद्यार्थी. बीजगणितात दोनदा नापास झाला, पण उडालेला चेंडू कुठे उतरणार हे कागद-पेन्सिलीवाचून सांगतो.

सामन्याआधी वॉल्ट जिना चढून मैदानावरच्या माझ्या गुणलेखनाच्या खोलीत आला. तो संघाचा व्यवस्थापक. जिना चढायचा त्याला कंटाळा, त्यामुळे काम मोठं असणार हे कळलंच.

"व्हर्ना, पत्र आलं ना? लिहून टाक आणि धाड. पोरं हेरत फिरणारा त्या मोठ्या व्यावसायिक क्लबचा माणूस काल मला म्हणाला, पोरगा आवडलाय, पण आमच्या कचेरीला कागद लागतो. लीगचा पुरस्कार घेऊन या, वसंतातल्या सरावाला बोलावतो."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर लॉनी चोवीस वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी पंचवीस. पंचविशीतल्या पोराला कोण बघतं? मग जन्मभर लाकडाच्या वखारीत. तुला काही अवघड करायचं नाहीये. नेहमीचंच कर."

मी हो म्हटलं. पण यंदा सचिवाने पत्रात एक नवी ओळ घातली आहे: 'ज्याच्यावाचून संघाचं सर्वांत जास्त अडलं असतं, असा खेळाडू निवडावा.' ती मी तीनदा वाचली. मत लिहिलं नाही. वीस दिवस आहेत.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज सामन्याआधी एल्ड्रेड नायक्विस्ट वर आला आणि टेबलावर कणसांची पिशवी ठेवली. बारा कणसं. "मिस टोलेफसन, यंदा मका गोड आलाय," एवढंच म्हणाला आणि उभा राहिला. मी म्हटलं, "पत्र आलंय, हे तुमच्या कानावर असेलच." तो म्हणाला, "कसलं पत्र?" मला हे जरा जास्तच भोळं वाटलं. मतदाराने खेळाडूकडून काही घेऊ नये. पिशवी मी परत केली. तो ती घेऊन जिना उतरला, आणि खालून कुणीतरी ओरडलं, "काय रे, कणसंसुद्धा हातातून सुटली का?"

नायक्विस्ट आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून पिचरने टाकलेले चेंडू झेलणारा. एकोणचाळीस वर्षांचा, शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. दर डावाआधी मुखवटा कपाळावर सरकवतो, डावा गुडघा दोनदा दाबतो, मग खाली बसतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात अढी आहे, ती इथे लिहून ठेवलेली बरी. गेल्या वर्षी मे महिन्यात एक चेंडू त्याच्यामागे गेला आणि धावणारा पुढे सरकला. अशा वेळी गुणलेखकाने ठरवायचं असतं, पिचरने भलताच टाकला की कॅचरने सोडला. मी पिचरच्या नावावर लिहिलं. सामना संपल्यावर हा गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाला, "तो माझा होता. माझ्या नावावर लिहा." मी म्हटलं, मी बघते ते लिहिते. तो म्हणाला, "इतक्या लांबून काय दिसणार?"

माझे कान तापले होते. पण आठवडाभर विचार केल्यावर वाटलं, स्वतःच्या तोट्याचं कोण खोटं बोलेल? तेव्हापासून चेंडू सुटला की तो माझ्या खिडकीकडे बघून छातीवर हात मारतो, 'माझा' म्हणून, आणि मी तसं लिहिते. यंदा त्याच्या नावावर अकरा सुटलेले चेंडू आहेत. आठ गावांत सर्वांत जास्त.

१७ ऑगस्ट, रविवार

वर्षभराच्या गुणवह्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसले. लॉनीला पहिलं द्यायचंच तर कारणासकट द्यावं, एवढाच हेतू होता.

तीन नावं समोर ठेवली. लॉनी. रॉस्को गावचा मार्व प्रुइट, ज्याच्या डाव्या-उजव्या हाताला चेंडू जमिनीवरून जाऊ शकत नाही. आणि तिसरा बर्चवुडचा तो उंच पिचर. लॉनीचे एकोणीस तपासले. आठ असे, की त्यांच्यामुळे सामना फिरला. बाकीचे आपण आधीच जिंकत असताना किंवा पार हरलेले असताना. यात त्याचा दोष नाही. होमरन कधी मारायचा, हे कुणी ठरवून मारत नाही.

मग सचिवाच्या ओळीचा विचार केला. अमका नसता तर काय, हे कळायचं कसं? तो नसलेले दिवस लागतात. लॉनीचा एकही सामना चुकला नाही. पानं चाळता चाळता जुलै आला, आणि माझ्या लक्षात आलं की एक माणूस नव्हता. नायक्विस्टचा अंगठा मोडला होता. तेरा सामने तो बाकावर होता.

त्या तेरांपैकी आपण नऊ हरलो. पिचर तेच. लॉनीने त्याच तीन आठवड्यांत सहा होमरन मारले, तरी नऊ हरलो. तेरा सामन्यांआधी प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरी धावा तीन; त्या तेरांत सहाच्या वर; अंगठा बरा झाल्यावर पुन्हा तीन.

मी तीनदा बेरीज केली. मग उठून भांडी घासली, पुन्हा येऊन चौथ्यांदा केली.

तेरा सामने म्हणजे फार नव्हेत. वर्गात कुणी एवढ्यावरून निष्कर्ष काढला असता तर मी लाल पेन्सिल चालवली असती. शिवाय जो माणूस लीगमध्ये सर्वांत जास्त चेंडू सोडतो, तो मौल्यवान कसा? आणि शंका अशी, की ज्याच्याबद्दल अढी आहे त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून मी मुद्दाम त्याच्या बाजूने झुकते आहे का? तेही बेइमानीच.

२० ऑगस्ट, बुधवार

आपण जिंकलो, ४–१. आमचा एकोणीस वर्षांचा पिचर टेडी ऑस्बी सही करायला वर आला होता. (विम्याचा कागद, नेहमीचा.) मी सहज विचारलं, "टेडी, जुलैमध्ये तुम्हा सगळ्यांना झालं काय होतं?"

"एल्ड्रेड नव्हता ना, मिस."

"पण दुसरा कॅचर तर चेंडू सोडत नाही."

तो हसला. "एल्ड्रेड तरी कुठे सोडतो?"

मी वही उघडून दाखवली. सात जून, तू टाकत होतास, सहावा डाव. त्याने पान बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मिस, तो माझा होता. बोटातून निसटला. कुठे टाकायचा ती खूण एल्ड्रेडने बरोबर दिली होती, मीच भलतीकडे टाकला. त्याला पंख असते तरी पोचला नसता. मला वाटलं तुम्हाला दिसलं असेल."

"त्याने छातीवर हात मारला."

"तो नेहमीच मारतो. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ते गेलं माझ्या खात्यात, तू पुढचा टाक. आणि मी पुढचे तिघे बाद केले. तुम्ही लिहीत होतात, खाली मान घालून."

खाली मान घालून. खरं आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मला राग आला आहे आणि तो कालपासून उतरत नाही. अकरा वर्षं माझ्या वहीत खाडाखोड नाही. दोन गावांत भांडण झालं तर लोक म्हणतात, टोलेफसनबाईंची वही बघा. आणि या माणसाने माझ्याच हाताने माझ्या वहीत खोटं लिहवून घेतलं. तेही पोरांची चूक पोटात घालायला, म्हणून त्याला धड वाईटही म्हणता येत नाही.

निर्णय बदलायची मुदत चोवीस तास. जून केव्हाच गेला.

२४ ऑगस्ट, रविवार

सामन्यानंतर त्याला वाहनतळावर गाठलं. तो गाडीच्या मागच्या फळीवर बसून गुडघ्याला बर्फ लावत होता.

"मिस्टर नायक्विस्ट, अकरांपैकी तुमचे खरे किती?"

तो दचकला. "कोण बोललं? टेडी?"

"किती?"

"मिस टोलेफसन, पोराच्या डोक्यात एक चूक बसली की तो तीच पुढच्या पाच चेंडूंवर टाकतो. माझं डोकं जुनं आहे, तिथे काही बसत नाही. तुमच्या वहीत एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर कुणाचं काय बिघडलं?"

"माझं बिघडलं."

त्याने गुडघ्यावरचा बर्फ काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "चुकलं माझं. तुमच्या बाजूने मी बघितलंच नाही." मला वाटलं विषय संपला. तर म्हणाला, "शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण आहे. याल का? माझ्याकडे दोन तिकिटं आहेत."

एकोणतीसचा शुक्रवार. मत धाडायच्या आदल्या दिवशी! मी म्हटलं, "तीस तारखेपर्यंत मी कुठल्याही खेळाडूबरोबर जेवू शकत नाही."

"आणि एकतीस तारखेला?"

"एकतीसला तिथे जेवण आहे का?"

"नाही," तो म्हणाला.

मग प्रश्न येतोच कुठे? घरी येताना मात्र वाटलं, मी उगाच तोडून बोलले. त्याचा हेतू मत मिळवायचा असेलही, नसेलही. पण सावध राहण्यात चूक काय?

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज ठरवायचं म्हणून बसले आणि ठरवलं.

लॉनीच्या बाजूने: या लीगमधला सर्वांत चांगला फलंदाज. कष्टाळू. आई एकटी, हा एकटा. माझ्या एका मताने त्याचं आयुष्य वखारीतून निघेल. आणि रीत.

विरुद्ध: पत्रातली ओळ. लॉनी उत्तम आहे, पण तो भरात असताना आपण नऊ सामने हरलो.

पुरस्कार गरजवंताला द्यायचा असता, तर मी डोळे मिटून लॉनी लिहिलं असतं. पण मग परीक्षेतही मी त्याला दोनदा पास केलं असतं. तेव्हा त्याची आई माझ्या दारात रडली होती. तिसऱ्या वेळी तो स्वतःच्या बळावर पास झाला. यावरून काही सिद्ध होतं असं नाही. नुसतं आठवलं.

नायक्विस्टवर वहीने अन्याय केला, तो मताने भरून काढते आहे का? हा प्रश्न स्वतःला स्वच्छ विचारला. अकरा चेंडू बाजूला ठेवले, त्याच्या नावावर खरंच अकरा आहेत असं धरलं. तरीही तीन आणि सहा हे आकडे तसेच राहतात. त्याच्याबद्दलच्या अढीचाही हिशेब केला. ती असूनही त्याचं नाव वर येतं, म्हणजे उलट खात्रीच वाढते.

पहिला नायक्विस्ट. दुसरा क्रेब्स. तिसरा प्रुइट, कारण तो खरोखर तिसरा आहे.

वॉल्टला फोन केला. मागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

"एल्ड्रेड?" तो ओरडला. "अगं, त्याची फलंदाजी माझ्या आजीसारखी आहे! एल्ड्रेडला काय करायचाय पुरस्कार? पंपावर ठेवणार?"

"त्याला काय करायचंय, हे मला विचारलेलंच नाही."

"बाकीचे सात जण आपापल्या पोराला पहिलं देणार. तू एकटी सत्यवादी. पाच गुण पाण्यात, आणि वर लॉनीचे दोन गेले."

"जिंकला तर त्या दोनांवाचूनही जिंकेल."

"आणि नाही जिंकला तर? जाऊन सांगशील त्याला?"

"आधीच सांगेन," मी म्हटलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत वखारीवर गेले. लॉनी ओंडक्यांच्या ढिगावर बसून सँडविच खात होता. मला बघून उभा राहिला, अजून वर्गात असल्यासारखा. मी जे सांगायचं ते तीन वाक्यांत सांगितलं. करवतीचा आवाज चालू होता, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं.

तो म्हणाला, "एल्ड्रेड पहिला. हं." सँडविच कागदात गुंडाळलं. "मला विचारलं असतंत तर मीही त्यालाच दिलं असतं, मिस."

"मग?"

"पण मला कुणी विचारत नाही ना. मला विचारलं नाही म्हणून मला मोठेपणा करावा लागत नाही. तुम्हाला विचारलंय, आणि तुम्ही केलात. माझ्या जिवावर." तो रागात बोलत नव्हता. "दुसरा तरी आहे ना मी?"

"दुसरा आहेस."

"बीजगणितापेक्षा बरं," तो म्हणाला, आणि कामावर गेला. सँडविच तिथेच राहिलं.

गाडीत दहा मिनिटं बसून राहिले. मत बदलावं असं एकदाही वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, ते कळत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पाकीट टाकलं. पोस्टातून येताना चर्चवरून आले. तो वाटेवरचा रस्ता नाही, पण पुलाचं काम चालू आहे. लोक कागदी ताटल्या घेऊन हिरवळीवर बसले होते. नायक्विस्ट कढईपाशी उभा राहून मासे तळत होता. पांढरा एप्रन त्याला आखूड होत होता. दुसरं तिकीट त्याने कुणाला दिलं, ते दिसलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

निकाल साप्ताहिकात आला, रिवाजाप्रमाणे आठही मतपत्रिकांसकट. रॉस्कोचा प्रुइट अठरा. लॉनी क्रेब्स सतरा. नायक्विस्ट पाच, सगळे माझे.

लॉनीला पहिलं दिलं असतं, तर तो एकोणीसवर गेला असता. नुसतं तिसरं नाव दुसऱ्या कुणाचं लिहिलं असतं, तरी बरोबरी झाली असती. ही वजाबाकी आता गावातल्या प्रत्येकाला येते. किराणा दुकानात मिसेस हॉगबर्ग माझ्याशी बोलली नाही, तिच्या नवऱ्याने तर पाठ फिरवली. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं होतं: १७ + २ = ?. मी खाली १९ लिहिलं आणि खडू ठेवला.

वॉल्ट फोनवर म्हणाला, क्लबच्या माणसाने 'पुढच्या वर्षी बघू' असं कळवलंय. पुढच्या वर्षी गुणलेखक कोण असेल तेही बघू, असंही म्हणाला.

लॉनीची आई आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं.

माझं मत चुकलं का, हे पुन्हा पहिल्यापासून तपासलं. चुकलं नाही. त्याचा परिणाम वाईट झाला. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि मला दोन्ही बाळगावी लागतील.

१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी नायक्विस्ट दारात. टोपी हातात, चेहरा लाल.

"हे काय केलंत? माझ्या नावावर पोराची संधी घालवलीत! मला विचारायचं तरी. मी दोन हातांनी त्याला दिलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्यांच्या चुका स्वतःच्या नावावर घेता आणि स्वतःचं ते दुसऱ्यांना वाटता. असं चाललं तर वहीत खरं काय उरेल? पाच गुण माझे होते. तुम्हाला दिले. ते परत करता येत नाहीत, कणसांसारखे."

तो पायरीवर बसला. म्हणाला, "मी आता खेळणार नाही. गुडघा संपला. जुलैमध्येच ठरवलं होतं. लॉनीला रोज संध्याकाळी चेंडू टाकणार आहे, बर्फ पडेपर्यंत. त्या क्लबवाल्याला इथे यायला लावतो की नाही बघा. त्याला कागद हवा, तर एकेका चेंडूची नोंद हवी. नीट, खरी."

"ती मी ठेवेन," मी म्हटलं. "पण छातीवर हात मारायचा नाही."

"नाही."

मी वही आणली. म्हटलं, बदलता येत नसलं तरी वेगळ्या कागदावर खरं लिहून ठेवू. अकरा चेंडू, एकेक करून. पोरांची नावं तो सांगेना. 'माझा' किंवा 'माझा नाही' एवढंच सांगायला कबूल झाला. माझा नाही. माझा नाही. सात जून, माझा नाही. असे दहा झाले. एकवीस जूनला तो थांबला.

"हा माझा, व्हर्ना."

"नक्की? मला तो पिचरचा वाटला होता. तुम्ही हात मारलात म्हणून लिहिला."

"सरळ हातात येत होता. मी बघतच नव्हतो. तुमच्या खिडकीकडे बघत होतो."

खिडकीत बघण्यासारखं काय होतं, कळलं नाही. सामना संध्याकाळचा होता; काचेवरची तिरीप डोळ्यांवर आली असणार. मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "असेल." मी कागदावर लिहिलं: २१ जून, चौथा डाव, सुटलेला चेंडू, नायक्विस्ट. निर्णय बरोबर.

उद्या साडेपाचला मैदानावर.